अलाइनर लावणार? आधी दोन तासांचा हिशेब मांडा

पारदर्शक अलाइनर, म्हणजे दात सरळ करणारे प्लास्टिकचे काढता-घालता येणारे ट्रे, दिवसाला 22 तास दातांवर हवेत, हे डॉक्टर सांगतात आणि पेशंट मान डोलावतात. घोळ होतो तो उरलेल्या दोन तासांत. नाश्त्याला 20 मिनिटं, दोन्ही जेवणांना अर्धा-अर्धा तास, तिन्ही वेळा ब्रश करून ट्रे धुवायला 5-5 मिनिटं: झाली 95 मिनिटं. उरलेल्या 25 मिनिटांत एक चहा बसतो. अकराचा, चारचा आणि घरी जाताना अमृततुल्यातला, असे तीन बसत नाहीत. ट्रे तोंडात ठेवूनच चहा प्यावा म्हटलं, तर गरम चहाने प्लास्टिकचा आकार बिघडतो, डाग पडतात, आणि ट्रेखाली अडकलेली साखर धुऊन काढायला लाळ तिथवर पोचत नाही. दाताला कीड लागायला एवढं पुरे. चहा नाश्त्याला किंवा जेवणाला जोडून घ्या. ट्रे तोंडात असताना फक्त साधं पाणी.

काम सुरू करण्याआधी कीड भरून घ्यायची, हिरड्या सुजलेल्या असतील तर त्यांचा इलाज करायचा. सैल हाडात दात सरकवणं धोक्याचं. म्हणूनच ओपीजी (सगळ्या दातांचा आणि जबड्यांचा एकत्र) एक्स-रे, आणि जबडा पुढे-मागे असेल तर सेफ, म्हणजे डोक्याचा बाजूने काढलेला एक्स-रे, हे बघूनच प्लॅन व्हायला हवा. फोटो पाठवा आणि ट्रे घरपोच मिळवा, या वाटेला जाऊ नका. फोटोत मुळं दिसत नाहीत. ऑर्थोडॉन्टिक्समध्ये, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेत, एमडीएस (दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी) केलेले डॉक्टर गाठा. दुसरं मत हवं असेल तर पुण्यात धनकवडीच्या भारती विद्यापीठाच्या किंवा पिंपरीच्या डी. वाय. पाटील दंत महाविद्यालयात ऑर्थोडॉन्टिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. पैसे ठरवताना तीन गोष्टी लिहून घ्या: ट्रे किती, मधे पुन्हा स्कॅन करून जादा ट्रे लागले तर त्याचे पैसे वेगळे का, आणि शेवटचे रिटेनर (सरळ झालेले दात जागेवर धरून ठेवणारे ट्रे किंवा तार) धरलेत का.

एक ट्रे दाताला साधारण पाव मिलिमीटर सरकवतो. दाताच्या एका बाजूचं हाड विरघळतं, दुसऱ्या बाजूला नवं भरतं, आणि त्याला सतत हलका दाब लागतो. दिवसा काढून ठेवायचा आणि रात्री घालायचा असं केलं की दात पुढे-मागे होत राहतो, दुखतो, आणि पुढचा ट्रे बसत नाही. ट्रे 7 ते 14 दिवसांनी बदलतात. किती दिवसांनी ते डॉक्टर ठरवतात. नवा ट्रे रात्री झोपताना घाला, पहिली ठसठस झोपेत निघून जाते.

पहिल्या भेटींत दातांवर दाताच्याच रंगाचे छोटे उंचवटे चिकटवतात. यांना अटॅचमेंट म्हणतात. गोल सुळा फिरवायला किंवा दात खाली ओढायला नुसत्या गुळगुळीत प्लास्टिकला पकड मिळत नाही, म्हणून ते हवेत. एखादा निघाला तर पुढच्या भेटीपर्यंत थांबू नका, फोन करा. जागा कमी असेल तर दोन दातांच्या मधे 0.2 ते 0.5 मिलिमीटर घासून घेतात. घासलेलं इनॅमल पुन्हा येत नाही, तेव्हा कुठे किती घासलं ते नोंदवलंय ना, विचारा.

घालताना आधी समोरचे दात, मग दोन्ही बोटांनी दाढांवर दाबत मागे जा. चावून बसवू नका. ट्रेला तडा जातो. मग च्युई, म्हणजे ट्रे नीट बसवायची मऊ रबरी गुंडाळी, 5-10 मिनिटं एकेका दातावर चावा. काढताना शेवटच्या दाढेच्या आतल्या बाजूने बोटाच्या टोकाने सोडवा, एक बाजू, मग दुसरी, मग पुढे. समोरून ओढलात तर ट्रे तरी फाटेल नाहीतर अटॅचमेंट तरी निघेल.

रोज आरशात दाताची कड आणि ट्रे यांच्यामधली फट बघा. पहिल्या दोन दिवसांत बारीक फट चालते. ट्रे बदलायची वेळ आली तरी ती स्पष्ट दिसत असेल, तर तो दात मागे राहिलाय. पुढचा ट्रे उघडू नका. त्यात ती फट आणखी वाढेल. आहे तोच ट्रे च्युईसह चालू ठेवा आणि डॉक्टरांना फोटो पाठवा. ट्रे हरवला तर आधीचा घालून फोन करा, त्यासाठी आधीचा ट्रे जपून ठेवायचा. बहुतेक ट्रे हरवतात ते हॉटेलात टिश्यूत गुंडाळून ताटाशेजारी ठेवल्यामुळे. डबी खिशात हवीच. उन्हात तापलेल्या स्कूटरच्या डिकीत मात्र ती ठेवू नका.

धुवायला गार पाणी, मऊ ब्रश, थोडा सौम्य लिक्विड सोप. टूथपेस्टने ओरखडे पडतात आणि ट्रे धुरकट दिसतो. मिसळीनंतर ब्रश न करता ट्रे घातला, तर हळदीचा पिवळेपणा ट्रे बदलेपर्यंत सोबत.

सगळे ट्रे संपले की रिटेनर. दाताला धरणारे तंतू नव्या जागी स्थिरावेपर्यंत दात जुन्या जागेकडे ओढ घेतात. सुरुवातीचे काही महिने जवळजवळ दिवसभर, पुढे कित्येक वर्षं रात्री. खालच्या समोरच्या दातांमागे तार चिकटवली असेल तर तिच्याखालून सुपरफ्लॉस (कडक टोकाचा, दातांच्या फटी साफ करायचा दोरा) घाला आणि महिन्यातून एकदा एकेका दातामागे जीभ फिरवून बघा: तार एकाच दातावरून सुटली तर दुखत नाही, पण तेवढाच दात वळायला लागतो.