आडोशाची बाजू ओळखा: लहान विमानातून घाट ओलांडताना

पहिल्यांदा सह्याद्री ओलांडणार असलेल्या विद्यार्थ्याला मी आधी लोहगडावर नेते, तेही भर जुलैत. पश्चिमेच्या कड्याशी उभं राहिलं की वारा खालून वर अंगावर येतो, कड्यावरून पडणारं पाणीसुद्धा उलटं उडतं. मग तटाच्या आतल्या अंगाला उतरायचं. तिथे ओढणी कधी डावीकडे, कधी उजवीकडे, मध्येच चक्क वाऱ्याच्या विरुद्ध कड्याकडे उडते. जमिनीवर आडोसा ही सुखाची जागा असते. विमानासाठी तीच सगळ्यात वाईट.

वारा दिसत नाही, म्हणून त्याला पाणी समजा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की बंडगार्डनच्या बंधाऱ्यावर जाऊन पाहा. पाणी वरून गुळगुळीत वाकून येतं आणि पायथ्याशी भोवऱ्यात खदखदतं. डोंगरधारेवर हवा तशीच वागते. वाऱ्याकडची बाजू विमान उचलते, आडोशाची बाजू खाली दाबते आणि धारेच्या पातळीखाली आडोशाला ते भोवरे असतात.

आडोशाची बाजू कायम एकच नसते, हे मी चुकून शिकले. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा, म्हणून कोकणाच्या अंगाला उचल मिळते हे डोक्यात पक्कं बसलेलं. एका जानेवारीत सकाळी कोकणातून पुण्याकडे येत होते. उंची ४५०० फूट, समोरची धार साधारण ३००० फुटांची, हातात दीड हजार फूट. पण हिवाळ्यातला तो वारा पूर्वेचा होता आणि मी नेमकी आडोशाला होते. फुल थ्रॉटल, नाक वर, तरी विमान मिनिटाला सातशे फुटांनी खाली जात होतं. धारेपलीकडची शेतं एकेक करून धारेमागे लपू लागली, तेव्हा मी वळले. कोकणाकडे जाऊन ६५०० फूट गाठले आणि मगच ओलांडलं.

ती शेतंच तुमची खूण. पलीकडची जमीन अधिकाधिक दिसू लागली तर तुम्ही धारेवरून जाल. झाकली जाऊ लागली तर जाणार नाही, आणि तेव्हा नाक आणखी वर करून उपयोग नाही. वेग संपतो आणि स्टॉल (पंखांची उचल तुटण्याची वेळ) जवळ येतो. विमान कमी उंचीच्या जमिनीच्या दिशेला वळवा आणि वेग राखून त्या दाबातून बाहेर पडा. हे सोपं जावं म्हणून धारेकडे काटकोनात कधीच जाऊ नका. ४५ अंशांच्या तिरक्या वाटेने गेलात तर थोड्याशा वळणात परत फिरता येतं.

धारेवर किमान १००० फूट हवेत. तिथला वारा २० नॉटच्या (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) पुढे असेल तर २०००. २५ च्या पुढे मी विद्यार्थ्याला घेऊन जातच नाही. हा आकडा लोहगावच्या विमानतळावरच्या वाऱ्याचा नव्हे. ५००० फुटांवरचा वारा पाहा, कारण आपल्या घाटमाथ्याला तोच भिडतो. पुण्याच्या शिमला ऑफिसात १९२८ पासून हवामानशास्त्राची माणसं बसतात. त्या खात्याचा अंदाज वाचायला दहा मिनिटं लागतात, ती द्याच.

खोऱ्यात शिरलात तर मधोमध उडू नका. ज्या उतारावर वारा आदळतो त्याच्या अंगाने राहा, म्हणजे वळायला सगळी रुंदी मिळते. ९० नॉटला ३० अंशांच्या बँकवर (विमान वळणात तेवढं कलवून) पूर्ण उलटं फिरायला सुमारे ७६० मीटर लागतात, ७० नॉटला ४६०. खोरं त्याहून अरुंद होण्याआधी वळा.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. लोहगाव समुद्रसपाटीपासून १९४२ फुटांवर आहे. एप्रिलच्या चाळीस अंशांत तिथली हवा इंजिनाला ५४०० फुटांवरच्या हवेसारखी विरळ लागते. चढण्याची ताकद आधीच घटलेली, त्यात दुपारी तापलेल्या कातळावरून उसळणारी हवा, आणि चारनंतर वळवाचे ढग. म्हणून मार्च ते मे आम्ही उजाडता निघतो आणि दहाच्या आत चाकं जमिनीवर.

धक्के सुरू झाले की वेग मॅन्युव्हरिंग स्पीडखाली, म्हणजे झटक्यांनी विमानाच्या सांगाड्यावर जास्त ताण येणार नाही अशा मर्यादेत आणा. सेसना १७२ एस हे लहान विमान पूर्ण वजनात असेल तर तो १०५ नॉट, हलकं असेल तर ९०. हलक्या विमानाला कमी वेग, हे नवख्यांना उलटं वाटतं, पण झटका हलक्या विमानालाच जास्त बसतो. उंची धरून ठेवायच्या नादात काटा शंभर फूट हलला की ओढाताण करू नका. पंख समतल, नाक क्षितिजावर जागच्या जागी, बाकी विमानाला हलू द्या. पट्टे आधीच आवळलेले हवेत, आणि पाण्याची स्टीलची बाटली मोकळी ठेवू नका. एकदा माझ्या कानाजवळून गेली आहे.

उतरताना वारा १२ नॉट आणि झोत २२ चे असतील तर फरकाचा निम्मा, म्हणजे ५ नॉट, ॲप्रोचच्या (धावपट्टीकडे उतरत येतानाच्या) वेगात वाढवा. उतरल्यावर इंजिन बंद केलं तरी कंट्रोल लॉक (सुकाणू वाऱ्याने हलू न देणारी खीळ) लावून, पंखांचे दोर बांधून होईपर्यंत विमानापासून हलू नका.