म्हाताऱ्या मांजराचे दात आणि दवाखान्याची भीती
बांगड्याच्या वासाने धावत येणारी म्हातारी मांजरी ताटलीपाशी येऊन नुसती हुंगून परत फिरली, तर तिला नखरेल समजू नका. बहुधा दात दुखतोय. आमच्या मनीचं हे मला उशिरा कळलं, त्याची हळहळ अजून जात नाही. लाळ गळणं, तोंडाला घाण वास, एकाच बाजूने चावणं, हेही बघा. माणसांची पॅरासिटामॉल मात्र कधीच देऊ नका, मांजरांना ती विषारी असते.

तिला डॉक्टरांकडे न्यायचा पिंजरा आठवडाभर आधीच घरात उघडा ठेवा, आत तिची रोजची गोधडी. म्हापशाला दवाखान्यात नेताना वरून टॉवेल टाका. फारच घाबरत असेल, तर घरून निघण्यापूर्वी द्यायचं शांत करणारं औषध डॉक्टरांकडे आधीच मागा. दात काढताना भूल देतात, म्हणून मूत्रपिंडाची रक्ततपासणी आधी कराच.