उंचावरच्या तळ्यातली बोट खाली आणताना जपा : कार्ब्युरेटर, उंची आणि हवा

पोलादपूरहून आंबेनळी घाटाने कार्ब्युरेटरवाली (हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारा भाग म्हणजे कार्ब्युरेटर) जुनी मोटरसायकल महाबळेश्वरला नेली असेल, तर हा विषय तुम्हाला अर्धा ठाऊक आहे. घाट चढत जाल तशी गाडी दमते, पिकअप जातो, प्लग काळे पडतात. हवा विरळ होते, पण जेटमधून, म्हणजे कार्ब्युरेटरमधल्या मापाच्या बारीक भोकातून, येणारं पेट्रोल त्या मानानं कमी होत नाही.

उरलेला अर्धा विषय मी शिकलो तो अमेरिकेत, अ‍ॅरिझोना आणि कॅलिफोर्नियाच्या सीमेवरच्या लेक हवासूला, व्ही-एट इंजिनांच्या वेगवान बोटींवर. त्याआधी मालवणात आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेर लावायची इंजिनं) दुरुस्त करायचो. तिथे बोट बारा महिने समुद्रसपाटीलाच, त्यामुळे हवेचा दाब मोजायची वेळच आली नव्हती. उंची आणि हवा पाहून बोटीचा कार्ब्युरेटर जुळवण्याच्या या कामात नव्यानं येणाऱ्यांनी, विशेषतः आपल्याकडून आयटीआय किंवा डिप्लोमा करून येणाऱ्यांनी, पहिल्या दिवसापासून जे सांभाळायला हवं ते इथे लिहितो आहे.

कार्ब्युरेटर हवेचं वजन करत नाही. व्हेंच्युरीतून, म्हणजे त्याच्या अरुंद गळ्यातून, हवा जाताना दाब जेवढा पडतो, त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात तो पेट्रोल ओढतो. इंजिनाचे फेरे तेच असले की आत जाणाऱ्या हवेचं आकारमानही तेच राहतं, मग ती दाट असो की विरळ. घनता घटली की हवेचं वजन त्याच प्रमाणात घटतं, पेट्रोल मात्र घनतेच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतं. म्हणजे हवा १४ टक्के कमी झाली तर पेट्रोल साधारण साडेसात टक्केच कमी होतं आणि मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल जास्त होतं. हा हिशेब एकदा कागदावर स्वतः करून बघा. पुढचं सगळं त्यातूनच निघतं.

१४ टक्के हा आकडा मी उगाच घेतलेला नाही. लेक हवासू समुद्रसपाटीपासून सुमारे १३७ मीटरवर आहे, कॅलिफोर्निया-नेवाडा सीमेवरच्या डोंगरातलं लेक ताहो सुमारे १,८९७ मीटरवर. उन्हाळ्यात हवासूला ४३ अंश आणि ताहोला २५ अंश तापमान धरलं, तर दोन्हीकडच्या हवेच्या घनतेत जवळपास एवढाच फरक पडतो. उंची पाहता तो आणखी मोठा असायला हवा होता, पण हवासूची तापलेली हवा मुळातच विरळ असते. ४३ अंशाला तिथलं इंजिन सुमारे १,१०० मीटर उंचीवर असल्यासारखं वागतं. याला डेन्सिटी अल्टिट्यूड म्हणतात. नकाशावरची उंची विसरा, हा आकडा धरा. होली या अमेरिकी कंपनीच्या कार्ब्युरेटरवर तो दर २,००० फूट वाढला की मेन जेट एक नंबर लहान करायचा, असा अंदाज वापरात आहे. सुरुवात म्हणून तो चांगला आहे, शेवटचा शब्द म्हणून नाही.

इथे नवा माणूस हमखास फसतो. मोबाइलवरचं हवामानाचं ॲप ताहोला उभं राहूनही १,०१५ हेक्टोपास्कल दाखवतं, कारण तो आकडा समुद्रसपाटीवर आणून दिलेला असतो. तिथला खरा दाब ८०५ च्या आसपास असतो. छोटं हातातलं हवामान यंत्र घ्या आणि खरा दाब वाचा. तापमानही धक्क्यावरच्या सावलीत घेऊ नका. इंजिन बंदिस्त पेटीत असतं आणि तिथली हवा बाहेरच्यापेक्षा कितीतरी गरम असते. फ्लेम अरेस्टरच्या (कार्ब्युरेटरच्या तोंडावरच्या, ज्वाळा बाहेर येऊ न देणाऱ्या जाळीच्या) तोंडाशी मोजा. तो अरेस्टर तेलकट मळानं भरला असेल तर आधी धुवा, नाहीतर दोष हवेचा नसतानाही मिक्श्चर रिच दिसेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. वर नेताना चुकलात तर बोट धूर सोडते, हळू पळते. खाली आणताना चुकलात तर दाट हवेला पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन वितळतो.

माझ्या पहिल्याच हिवाळ्यात जानेवारीतल्या एका सकाळी ताहोवर ऑगस्टमध्ये सेट केलेली बोट आमच्याकडे आली. हवेत ५ अंश, कोरडी थंडी. इंजिन सुंदर चालू झालं, म्हणून जेट न उघडताच मी ती पाण्यात सोडली. फुल थ्रॉटलला दहा मिनिटंही झाली नसतील, आवाज बदलला. दोन पिस्टनांना भोकं पडली होती. नंतर हिशेब केला : ताहोच्या त्या हवेपेक्षा ही हवा ३३ टक्के दाट होती. तिथे १२.६ असलेलं हवा-पेट्रोल प्रमाण (एक किलो पेट्रोलला १२.६ किलो हवा) इथे साडेचौदाच्या घरात गेलं होतं. मोटारीला उतार मिळतो, गिअर बदलताना क्षणभर विसावा मिळतो. पाण्यात इंजिन सतत घाट चढत असतं. म्हणून फुल थ्रॉटलवर साडेबाराच्या आसपास राहायचं आणि वर्षभरातली सगळ्यात दाट हवा डोळ्यांपुढे ठेवून जेट बसवायचे. ऋतू बदलणं हेही वर-खाली जाणंच आहे : हवासूतच उन्हाळ्यातलं १२.६ जानेवारीत साडेतेराच्या जवळ जातं, बोट जागची न हलता.

पॉवर व्हॉल्व्हकडे, म्हणजे जोर लागला की जादा पेट्रोल सोडणाऱ्या झडपेकडे, फार थोडे लक्ष देतात. ६.५ नंबरचा व्हॉल्व्ह मॅनिफोल्डचा (कार्ब्युरेटरपासून सिलिंडरकडे जाणाऱ्या नळीचा) व्हॅक्यूम पाऱ्याच्या साडेसहा इंचांखाली गेला की उघडतो. उंचीवर व्हॅक्यूम मुळातच कमी, दर १,००० फुटांना साधारण एक इंच. मोठ्या कॅमचं (व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवणारं) इंजिन असेल तर तो आयडललाच उघडून बसतो, मिक्श्चर रिच होतं आणि तुम्ही उगाच मेन जेट बदलत राहता.

दमट हवेचं गणित मला कोकणामुळे लगेच पटलं. ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रता असेल तर एकूण दाबातले सुमारे ३८ हेक्टोपास्कल नुसत्या वाफेचे. बॅरोमीटरच्या आकड्यातून तेवढे वजा करूनच ऑक्सिजनचा विचार करा.

मिक्श्चर वाचायला एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजनवरून प्रमाण सांगणारा वाइडबँड सेन्सर चांगला, पण बोटीच्या एक्झॉस्टमध्ये थंड करायला पाणी सोडतात आणि पाण्याचा थेंब लागला की सेन्सर गेला. पाणी मिसळतं त्याच्या बऱ्याच आधी जागा मिळाली तरच बसवा. नाहीतर प्लग वाचायची जुनी रीत : फुल थ्रॉटलवरून इग्निशन तोडायचं आणि प्लग काढून पाहायचे. पाण्याच्या झोतावर चालणाऱ्या जेट बोटीवर हे मोकळ्या पाण्यातच करा, कारण झोत थांबला की सुकाणूही जातं. आणि पैसे वाचवायला मोटारीचा कार्ब्युरेटर कधीही लावू नका. मरीन (बोटीसाठी बनवलेला) कार्ब्युरेटर ओव्हर झाला, म्हणजे भरून वाहू लागला, तर पेट्रोल आतच, घशात जातं. मोटारीचा ते बाहेर इंजिनाच्या पेटीत सांडतो. त्या पेटीत पेट्रोलची वाफ म्हणजे स्फोट. इंजिन चालू करण्याआधी ब्लोअर (पेटीतली वाफ बाहेर काढणारा पंखा) चार मिनिटं चालवायचाच.

उंचीवर दर १,००० फुटांना ताकद तीन टक्के जाते, ती जेट बदलून परत येत नाही. फेरे पूर्ण होत नसतील तर प्रॉपेलरची पिच (एका फेऱ्यात तो जेवढं पुढे सरकेल ते अंतर) कमी करा. एक इंचाला मिनिटाला साधारण १५० ते २०० फेरे मिळतात.

माझी वही अजून चालू आहे. तारीख, तळं, खरा दाब, पेटीतलं तापमान, आर्द्रता, जेट, पॉवर व्हॉल्व्ह, प्रॉप, फेरे, प्लगचा रंग. आणि जेट लहान केलेली प्रत्येक बोट दुकानातून जाताना तिच्या चावीला मी पत्र्याचा बिल्ला बांधतो. त्यावर दोनच गोष्टी कोरलेल्या असतात, तळ्याचं नाव आणि जेटचा नंबर.