ब्राउनी कुकी : सगळा खेळ ओव्हनच्या आधीचा

वरून चकचकीत, तडे गेलेला पातळ पापुद्रा आणि आत जेमतेम शिजलेला, दाताला किंचित चिकटणारा गर. ब्राउनी कुकीकडून मला एवढंच हवं असतं. बऱ्याच जणांची कुकी चवीला छान होते, पण दिसायला निस्तेज आणि आतून केकसारखी भुसभुशीत निघते. मग खापर ओव्हनवर फुटतं. ओव्हनचं काम इथे फार थोडं आहे. अंडी फेटायला घेतल्यापासून ट्रे आत जाईपर्यंतच्या वीसेक मिनिटांतच कुकीचं काय होणार ते ठरतं. तेवढ्या वेळात बटर पेपर शोधत बसायचं नाही, फोन उचलायचा नाही, आणि मैदा चाळायचा राहिलाय हे तर अजिबात आठवायचं नाही.

म्हणून आधी सगळं मोजून ओट्यावर मांडा. साधारण पंधरा कुकीजना हे माप पुरतं: डार्क चॉकलेट 200 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 60 ग्रॅम, मोठी अंडी 2, बारीक पांढरी साखर 110 ग्रॅम, ब्राउन शुगर 50 ग्रॅम, मैदा 70 ग्रॅम, कोको पावडर 15 ग्रॅम, बेकिंग पावडर अर्धा छोटा चमचा, मीठ पाव छोटा चमचा, व्हॅनिला इसेन्स एक छोटा चमचा. इन्स्टंट कॉफी असेल तर अर्धा चमचा पातळ झालेल्या चॉकलेटमध्ये ढवळा. कॉफीची चव वेगळी लागत नाही, चॉकलेट मात्र जास्त गडद लागतं.

मापाचे कप कपाटात ठेवून द्या आणि वजनकाटा काढा. मैदा कपात दाबून भरला की भुरभुरून भरला, यावर वजन चांगलंच बदलतं. एरवी केकमध्ये ते खपून जातं. इथे मैदा मुळातच इतका कमी आहे की पंधरा-वीस ग्रॅम जास्त पडला तरी आतला गर कोरडा होतो. अशी कृती मी अंदाजाने कधीच करत नाही, आणि ‘डोळ्यांनी माप कळतं’ म्हणणाऱ्यांशी वादही घालत नाही.

आता चॉकलेट. वेष्टनावर मागे घटक छापलेले असतात, ते वाचायचे. त्यात कोको बटर हवं. त्याच्या जागी वनस्पती तूप किंवा हायड्रोजनेटेड तेल लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड सजावटीला ठीक आहे, पण इथे एकूण मिश्रणाचा तिसरा हिस्सा चॉकलेटच असतं, त्यामुळे त्याची मेणचट चव लपत नाही. कोकोचं प्रमाण 55 ते 65 टक्के असलं की मिश्रण नीट वागतं. 70 टक्क्यांच्या पुढे साखर कमी आणि कोकोचा कोरडा अंश जास्त, त्यामुळे मिश्रण लवकर आवळतं आणि कुकी पसरत नाही. तेच वापरायचं असेल तर बटर 10 ग्रॅमने वाढवा. बेकिंगसाठी मिळणारे चॉकलेट चिप्स वितळवायला घेऊ नका. भाजताना आकार टिकावा म्हणूनच ते बनवलेले असतात, पातळ व्हायला कुरकुर करतात.

कोको पावडर दोन प्रकारची असते. साधी, फिकट तपकिरी आणि किंचित आंबट. आणि डच प्रोसेस, म्हणजे अल्कलीची प्रक्रिया करून आंबटपणा काढलेली, रंगाने गडद. या कृतीत फुगवण्याचं काम बेकिंग पावडर करते आणि तिला लागणारं आम्ल तिच्यातच असतं, त्यामुळे दोन्ही चालतील. मी डच घेतो, रंगासाठी. बेकिंग पावडर संपली म्हणून सोडा मात्र टाकू नका. डच कोकोबरोबर सोड्याला पुरेसं आम्ल मिळत नाही आणि साबणासारखी चव मागे राहते.

अंडी फ्रिजमधली असतील तर कवचासकट कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा. हे नखरे नाहीत. कोको बटर साधारण 34 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणजे त्याखाली ते गोठायला लागतं. थंडगार अंड्यात कोमट चॉकलेट ओतलं की जिथे पडतं तिथेच त्याच्या रेषा घट्ट होतात आणि कितीही ढवळलं तरी कण राहतात.

ओव्हन 175 अंशांवर तापत ठेवा. पंखा चालू राहणारा असेल तर 160. ट्रेवर बटर पेपर अंथरा. मैदा, कोको, बेकिंग पावडर एकत्र दोनदा चाळा. कोकोच्या गुठळ्या हट्टी असतात आणि नंतर त्या फोडत बसलात तर मिश्रणातली हवा जाते. मीठ चाळणीत अडकतं, ते नंतर वरून टाका.

चॉकलेटचे बारीक तुकडे करून बटरसकट काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात घ्या आणि खाली मंद उकळतं पाणी ठेवून वितळवा. पाणी वरच्या भांड्याच्या बुडाला टेकता कामा नये. चमचा कोरडा ठणठणीत हवा. पाण्याचे दोन-चार थेंब पडले तरी चॉकलेट आवळून त्याचा रवाळ गोळा होतो. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर वीस-वीस सेकंद, आणि प्रत्येक वेळी बाहेर काढून ढवळायचं. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा; बाकीचे उरलेल्या उष्णतेत विरघळतात. आपल्याला हे मिश्रण 40 ते 45 अंशांवर हवंय. थर्मामीटर नसेल तर करंगळी बुडवून बघा. कोमट लागलं पाहिजे. चटका बसला तर थांबा, काहीच जाणवलं नाही तर पुन्हा पाण्यावर धरा.

चॉकलेट पाण्यावर चढवलं की लगेच दुसऱ्या भांड्यात अंडी आणि दोन्ही साखरा फेटायला घ्या, म्हणजे दोन्ही कामं बरोबर संपतात. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची तर ही ठेवा, कारण वरचा तो चकचकीत पापुद्रा इथे तयार होतो. अंड्यातल्या पाण्यात साखर विरघळते, फेटल्याने त्यात हवा कोंडली जाते, आणि भाजताना हा गोड फेस वर येऊन पृष्ठभागावर झरझर वाळतो. मग आतली कुकी फुगून पसरते, वरचा वाळका थर ताणला जातो आणि तडकतो. साखर न विरघळता तशीच राहिली तर पापुद्रा धरत नाही.

म्हणून साखर बारीक हवी. घरची दाणेदार साखर मिक्सरमध्ये दोन-तीन सेकंद फिरवली की पुरे. तयार पिठीसाखर नको, तिच्यात बहुतेकदा कॉर्नफ्लोअर मिसळलेलं असतं. ब्राउन शुगरमध्ये मळीचा अंश असतो, तो ओलावा धरून ठेवतो. ती नसेल तर सगळी पांढरी घ्या. कडा जरा जास्त कुरकुरीत होतील, एवढंच.

इलेक्ट्रिक बीटर मोठ्या वेगावर पाच मिनिटं. हाताने फेटणार असाल तर दहा-बारा मिनिटं आणि जोडीला कुणीतरी हवं. पहिलं मिनिटभर काहीच घडत नाही, पिवळसर पातळ द्रव नुसता घुसळला जातो. दुसऱ्या मिनिटानंतर रंग उतरायला लागतो. चौथ्याला मिश्रण फिकट सायीच्या रंगाचं होतं, आकाराने दुप्पट-अडीचपट, आणि बीटरच्या पात्यांच्या खुणा त्यात उमटून राहतात. आता बीटर बंद करून वर उचला. खाली पडणारी धार मिश्रणात लगेच बुडता कामा नये. जाड फितीसारखी वर पडून राहिली पाहिजे आणि मनात तीन-चार आकडे मोजेपर्यंत दिसली पाहिजे. मग थेंबभर मिश्रण दोन बोटांत चोळा. साखरेचे कण बोचत असतील तर अजून मिनिटभर फेटा. ब्राउन शुगरचा एखादा कण जाणवला तर सोडून द्या.

फेटून झालं की थांबायचं नाही. फेस बसायला लागतो आणि चॉकलेट थंड व्हायला लागतं, दोन्ही एकाच वेळी. कोमट चॉकलेट भांड्याच्या कडेने ओता, व्हॅनिला टाका, बीटर अगदी मंद वेगावर पंधरा-वीस सेकंद फिरवा. आता बीटर बाजूला. चाळलेला मैदा-कोको आणि मीठ टाकून रबरी स्पॅच्युलाने खालून वर, भांडं फिरवत, अलगद मिसळा. मैद्याची शेवटची पांढरी रेघ दिसेनाशी झाली की हात थांबवा. ‘अजून चार वेळा फिरवू या’ असा मोह होतो. त्या चार वेळांत फेस बसतो आणि मैद्यातलं ग्लूटेन, म्हणजे चिवटपणा आणणारं प्रथिन, जागं होतं.

या क्षणी मिश्रण पातळ वाटेल आणि कुकी कशी होणार अशी शंका येईल. पाच मिनिटं ओट्यावर तसंच ठेवा, फ्रिजमध्ये नाही. चॉकलेट थंड होत जातं तसं ते आपोआप घट्ट होतं आणि चमच्यावरून थबकत पडायला लागतं. हीच वेळ. माझ्या धाकट्या बहिणीने नेमकं इथेच मध्ये ट्रे धुवायला घेतला आणि मग मला फोन. ‘दादा, मिश्रण पार दगड झालंय, थोडं दूध घालू का?’ म्हटलं, ‘अगं, दूध कसलं घालतेस! भांडं गरम पाण्यावर अर्धा मिनिट धर आणि दोनदा हलव.’ सैल झालं, कुकीजही झाल्या, पण पापुद्रा जेमतेम. दूध घातलं असतं तर तेवढाही मिळाला नसता.

आइस्क्रीमच्या छोट्या स्कूपने किंवा दोन चमच्यांनी साधारण 40 ग्रॅमचे गोळे ट्रेवर टाका. मध्ये पाच सेंटिमीटर जागा सोडा, चांगल्या पसरतात. हाताने वळायला किंवा वरून दाबायला जाऊ नका. ओव्हनमध्ये एकच ट्रे मावत असेल तरी दुसऱ्या बटर पेपरवर उरलेले गोळे त्याच वेळी टाकून ठेवा. भांड्यात थांबलेलं मिश्रण नंतर सुटत नाही. दुसऱ्या घाण्याला चकाकी थोडी कमी येते, ते धरून चला. पाहुण्यांसाठी करत असाल तर त्यांच्यापुढे पहिला घाणा ठेवा.

ट्रे मधल्या कप्प्यात. सुरुवातीची चार-पाच मिनिटं गोळे नुसते पसरतात. सातव्या मिनिटाच्या आसपास दिवा लावून काचेतून बघा: वरचा ओला काळा रंग कडेपासून आत सरकत फिकट होत जातो, त्यावर चकाकी चढते आणि बारीक तडे सुरू होतात. दहाव्या मिनिटाला कडा जमलेल्या आणि मध्यभाग अजून फुगीर, बोट लावलं तर हलणारा असतो. तेव्हाच बाहेर काढा. टूथपिक टोचून बघू नका. ती कोरडी निघाली तर वेळ केव्हाच टळलेली असते. तुमचा ओव्हन थोडा मंद असेल तर अकरा-बारा मिनिटं लागतील. पहिल्यांदा करताना एकच कुकी आधी भाजून बघण्यापेक्षा ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर घ्या. बऱ्याच घरगुती ओव्हनचा आकडा आणि आतलं खरं तापमान यांत वीसेक अंशांचा फरक सहज असतो.

बाहेर काढल्या काढल्या ट्रे ओट्यावर दोन-तीन इंचांवरून एकदा आपटा. फुगलेला मध्यभाग बसतो, गर दाट होतो आणि तडे ठळक होतात. वाकड्यातिकड्या पसरल्या असतील तर कुकीपेक्षा मोठी वाटी पालथी घालून आत गोल गोल फिरवा, गरम असेपर्यंत कडा हव्या तशा वळतात. जाड मिठाचे चार दाणे भुरभुरायचे तर तेही आत्ताच. मग दहा मिनिटं हात लावायचा नाही. या अवस्थेत त्या उचलल्या की मधोमध मोडतात. त्या ट्रेच्या उष्णतेवरच जमत असतात.

अंड्याशिवाय होतील का, हे हमखास विचारलं जातं. अशी चांगली चॉकलेट कुकी होते, पण ती ही नव्हे. दही किंवा कंडेन्स्ड मिल्क घातलं तर गर मऊ होतो, पापुद्रा येत नाही, कारण दोन्हींचा फेस होत नाही. काबुली चणे शिजवलेलं दाटसर पाणी मात्र साखरेबरोबर खरंच फेसाळतं. एका अंड्यामागे तीन मोठे चमचे धरा आणि दुप्पट वेळ फेटा. चकाकी येते, मधला भाग अंड्यासारखा धरून राहत नाही, म्हणून मैदा 10 ग्रॅम वाढवा आणि पूर्ण थंड होईपर्यंत ट्रेवरून हलवू नका.

कुकीज तेलकट होऊन पार सपाट झाल्या तर चॉकलेट जास्त गरम होतं किंवा ओव्हन पुरता तापला नव्हता. घुमटासारख्या वर राहिल्या तर मिश्रण फार थंड झालं होतं किंवा मैदा जास्त पडला.

घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेर तीन दिवस सहज टिकतात. दुसऱ्या दिवशी आतला ओलावा वर चढतो आणि पापुद्रा नरम पडतो, गर मात्र आणखी दाट होतो. मला दुसऱ्या दिवशीची जास्त आवडते, घरात बाकीच्यांना पहिल्या दिवशीची, त्यामुळे भांडण नाही. जास्त केल्या असतील तर भाजलेल्या कुकीजच फ्रीझरमध्ये टाका, मध्ये बटर पेपरचे तुकडे घालून. कच्चं मिश्रण गोठवू नका, फेस मरतो. खायच्या आधी तासभर बाहेर काढून ठेवा, किंवा मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद. पंधरा नको, मध्यभाग रबरासारखा होतो.