जर्मनीत क्लाइनगार्टन घ्यायचंय? घर तुमचं, जमीन फेराइनची: काय बघायचं, कुठल्या क्रमाने करायचं

क्लाइनगार्टन म्हणजे क्लबकडून भाड्याने मिळणारी छोटी बाग. तिची जाहिरात साधारण अशी असते: ३०० चौरस मीटर बाग, छोटं लाकडी घर, सफरचंदाची दोन झाडं, ८००० युरो, आजच भेटा. आणि आपली मंडळी, म्हणजे म्युनिक, श्टुटगार्ट, बर्लिनला आयटीत असलेले, मुलं लहान, फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, बाल्कनीत जेमतेम दोन कुंड्या, लगेच विचार करतात की चला, फार्महाउस झालं आपलं. थांबा जरा. त्या माणसाला आठ हजार देऊन तुम्ही फक्त घर आणि झाडं घेताय. ज्या जमिनीवर ते घर उभं आहे ती त्याची नाहीच, ती त्याला विकता येत नाही आणि भाडेकरार दुसऱ्याच्या नावावर करायचा अधिकारही त्याला नाही. तो अधिकार फेराइनचा, म्हणजे त्या बागवाल्यांच्या रजिस्टर्ड क्लबचा. त्यामुळे सगळं उलट्या क्रमाने करायचं: आधी फेराइन, मग कागद, मग घराची तपासणी, आणि पैसे अगदी शेवटी.

आधी हे नीट समजून घ्या

जमीन बहुतेक वेळा शहराची असते, कधी रेल्वेची, कधी चर्चची. मालक ती शहर किंवा जिल्हा पातळीवरच्या संघाला भाड्याने देतो, संघ फेराइनला, फेराइन तुम्हाला. काही ठिकाणी यातली एखादी कडी नसते पण साखळी अशीच. आणि घर तुमचं कसं? तर जर्मन दिवाणी कायद्याच्या कलम ९५ प्रमाणे तात्पुरत्या कारणासाठी जमिनीवर उभारलेली गोष्ट जमिनीचा भाग धरली जात नाही, भाडेकरूने बांधलेलं भाडेकरूचंच राहतं. म्हणून घर विकता येतं, पण जमिनीच्या रजिस्टरमधे तुमचं नाव कुठेच येत नाही, नोटरीची भानगड नाही, आणि हे तारण ठेवून बँक गृहकर्ज देईल ही आशाही सोडा.

यावर एक केंद्रीय कायदा आहे, १ एप्रिल १९८३ पासून लागू असलेला बुंडेसक्लाइनगार्टनगेझेत्स. नाव लांब आहे पण कायदा छोटा आहे, वीसेक कलमं, एका संध्याकाळी वाचून होतो. त्याच्याखाली मूळ मालकाचा करार, त्याच्याखाली फेराइनची घटना आणि गार्टनऑर्डनुंग म्हणजे बागेची नियमावली. लक्षात ठेवायची गोष्ट एवढीच की वरचा नियम खालच्याला सैल करता येत नाही. कमिटीतला एखादा आजोबा म्हणाला “काय नाय होत, बांधा थोडं वाढवून”, तरी त्याला अर्थ नाही, पुढच्या वर्षी कमिटी बदलते.

पहिली पायरी: फेराइन शोधा, जाहिरात नाही

घराजवळच्या बागांच्या कॉलनीत एखाद्या शनिवारी चक्कर मारा. गेटजवळ काचेची नोटीस पेटी असते, तिथे कमिटीचा पत्ता, भेटायची वेळ, कधीकधी रिकाम्या प्लॉटची नोटीसही मिळते. मग ईमेल करा, साध्या जर्मनमधे चार ओळी: घरात कोण कोण, कुठे राहता, बागकामाची आवड, श्रमदान करायची तयारी. हो, श्रमदानाचा उल्लेख करा, कमिटीला तेच वाचायचं असतं. अनेक फेराइन त्याच शहरात राहणाऱ्यालाच घेतात आणि मोठ्या शहरांत वेटिंग लिस्ट वर्षानुवर्षांची असते, म्हणून दोनतीन ठिकाणी नाव लावून ठेवा. लहान गावांत उलटं चित्र दिसतं, तिथे प्लॉट रिकामे पडून असतात.

जाहिरातीतलं घर खूपच आवडलं असेल तर विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा, फेराइनला तुम्ही करार सोडत असल्याचं लेखी कळवलंय का? उत्तर गोलगोल आलं तर निघा तिथून. वेटिंग लिस्ट असलेल्या फेराइनमधे तर पुढचा माणूस विकणारा ठरवतच नाही, कमिटी ठरवते.

दुसरी पायरी: कागद मागा आणि वाचा

घटना, गार्टनऑर्डनुंग, भाडेकराराचा नमुना, तिन्ही आधी मागून घ्या. समजत नसेल तर जर्मन येणाऱ्या मित्राला जेवायला बोलवा आणि सोबत बसून वाचा. आणि एक प्रश्न जो बहुतेक लोक विचारत नाहीत: शहराच्या विकास आराखड्यात ही जागा कायमची बाग म्हणून, म्हणजे ‘डाउअरक्लाइनगार्टन’ म्हणून नोंदलेली आहे का? असेल तर बरंच सुरक्षित. नसेल तर उद्या तिथे घरं किंवा रस्ता येऊ शकतो, बर्लिनमधे ए-१०० महामार्ग वाढवताना बागा गेल्याच आहेत. अशा वेळी कायद्याच्या कलम ११ प्रमाणे झाडं आणि नियमात बसणारं बांधकाम यांची भरपाई मिळते. नियमात बसणारं, हे शब्द महत्त्वाचे.

करारावर नवरा-बायको दोघांची नावं घाला. एकाचंच नाव असेल आणि तो माणूस गेला तर करार पुढच्या कॅलेंडर महिन्याच्या अखेरीला संपतो, सरळ कायद्यातच आहे (कलम १२). दोघांचा संयुक्त करार असेल तर राहिलेल्या जोडीदाराच्या नावाने तो चालू राहतो. मुलांना करार वारसाने मिळत नाही, त्यांना घराचे पैसे मिळतील, बाग मिळेलच असं नाही. आपल्याकडे ‘पुढच्या पिढीसाठी’ म्हणून जागा घेतात, तो विचार इथे चालत नाही.

तिसरी पायरी: टेप घेऊन जा

घराला इथे लाउबे म्हणतात आणि कायद्याने ते जास्तीत जास्त २४ चौरस मीटर, तेही छताखालचा व्हरांडा धरून. म्हणजे ५ बाय ४ ची खोली झाली २० आणि पुढे २ बाय २ चं छप्पर झालं ४, संपलं, यापुढे एक पत्रासुद्धा टाकायचा नाही. बांधकाम साधं हवं आणि ते कायम राहण्यायोग्य नसावं असंही कायदा म्हणतो. तर स्वतः मोजा, सगळं, मागची अवजारांची शेडसुद्धा, कारण विकणाऱ्याने हौसेने वाढवलेला भाग बिनपरवाना असेल तर भाडेकरू बदलताना फेराइन तो पाडायला लावू शकतं आणि तोवर चावी तुमच्या हातात आली असेल तर पाडायचा खर्च कोणाचा यावरून भांडण ठरलेलं. काही जुनी मोठी घरं मात्र चालतात. कायदा यायच्या आधी रीतसर बांधलेली, आणि पूर्व जर्मनीत ३ ऑक्टोबर १९९० च्या आधी रीतसर बांधलेली, यांना संरक्षण आहे. पण ते तोंडी सांगून चालत नाही, कागद बघा.

मग छप्पर. करड्या रंगाचे नागमोडी सिमेंट पत्रे दिसले आणि घर १९९३ च्या आधीचं असेल तर ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला, त्याच वर्षी जर्मनीत त्यावर बंदी आली. आहे तसं राहू दिलं तर सहसा चालतं, पण त्याला भोक पाडणं, घासणं, प्रेशरने धुणं बंद. काढायचं झालं तर तो कचरा वेगळा, पॅकिंग वेगळं, खर्च वेगळा, हा आकडा किमतीतून आधीच वजा करून घ्या.

चूल किंवा चिमणी असेल तर विचारा, बहुतेक ठिकाणी भाडेकरू बदलताना ती काढायला लावतात. संडासाचं पाणी कुठे जातं तेही विचारा, लाजू नका. कोरडा कंपोस्ट संडास बहुतेकांना चालतो, जमिनीत मुरवलेलं सांडपाणी कोणालाच चालत नाही.

चौथी पायरी: किंमत कमिटीकडून येऊ द्या

भाडेकरू बदलताना बहुतेक फेराइन किंवा वरचा संघ मूल्यांकन करून घेतो, वेर्टएरमिट्लुंग म्हणतात त्याला. ट्रेनिंग घेतलेला माणूस येतो, घर, फळझाडं, कुंपण, फरशी यांची किंमत लावतो, बेकायदा भाग आणि नको असलेली झाडं, म्हणजे मोठे पाइन, थुया, अक्रोड, काढायचा खर्च वजा करतो. येणारा आकडा जाहिरातीतल्या आकड्यापेक्षा बऱ्याचदा खाली असतो. सोफा, फ्रिज, लॉनमोव्हर यात येत नाही. त्याचं वेगळं बोलायचं आणि नको असेल तर घ्यायची सक्ती नाही, विकणाऱ्याने आपलं सामान उचलून न्यायचं. “फर्निचर ५००० चं आहे, घ्यावंच लागेल” म्हणणारे भेटतात, त्यांना रिपोर्ट दाखवा.

आता क्रम. सदस्यत्व, मग फेराइनसोबत भाडेकरारावर सही, मग पैसे, तेही बँकेतून आणि लेखी खरेदीपत्रावर. रोख आगाऊ रक्कम ‘जागा धरून ठेवायला’ अजिबात देऊ नका.

नंतरचा वार्षिक खर्च मात्र खरंच कमी. भाड्यावर कायद्याने मर्यादा आहे, त्या भागात व्यावसायिक फळ-भाजी शेतीच्या जमिनीला जो दर चालतो त्याच्या चौपटीपेक्षा जास्त नाही. समजा चौरस मीटरला २० सेंट धरले तर ३०० मीटरचे वर्षाला ६० युरो झाले. वर वर्गणी, पाणी, वीज, विमा, सार्वजनिक शुल्क. एकूण मिळून सहसा काहीशे युरो.

पाचवी पायरी: मिळाल्यावर नियम पाळा, विशेषतः हे

एक तृतीयांश. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी कोर्टाने, बीजीएचने, २००४ मधे सांगितलंय की साधारण एक तृतीयांश जागेवर स्वतःसाठी फळं-भाज्या पिकवल्याच पाहिजेत, नाहीतर ती कायद्यातली क्लाइनगार्टन राहत नाही आणि मग स्वस्त भाड्याचं संरक्षणही धोक्यात, तेही सगळ्या कॉलनीचं. म्हणून तर शेजारी तुमच्या लॉनकडे रोखून बघतो. नुसती हिरवळ, झोपाळा आणि बार्बेक्यू चालत नाही. आपल्यासाठी हे अवघड नाहीये, मेथी, कोथिंबीर, लाल माठ, मुळा उन्हाळ्यात झकास येतात, दुधी आणि भोपळ्याला मे महिन्यात थंडी ओसरल्यावर बाहेर लावा. भेंडीला पॉलिहाउस लागेल आणि त्याला आधी परवानगी. कढीपत्ता कुंडीतच ठेवा, हिवाळ्यात घरी आणावा लागतो.

तिथे राहायचं नाही. उन्हाळ्यात एखादी रात्र झोपलात तर सहसा कोणी काही म्हणत नाही, पण पत्ता म्हणून नोंदणी नाही आणि भाड्याने देणं तर अजिबात नाही. आणि हो, भारतातून आईबाबा तीन महिन्यांसाठी आलेत, फ्लॅट लहान आहे, त्यांना बागेतल्या घरात ठेवू, हा विचार बऱ्याच जणांच्या डोक्यात येतो. दिवसभर खुशाल बसवा, बाबा टोमॅटोला काठ्या बांधतील, पण मुक्काम हलवू नका.

काहीही बांधण्याआधी लेखी परवानगी. ग्रीनहाउस, पर्गोला, ट्रॅम्पोलिन, पोरांचा मोठा पूल, सगळ्यालाच. कमिटी आपल्या सोसायटीच्या कमिटीसारखीच असते, विचारलं तर बऱ्याचदा हो म्हणते, न विचारता केलं तर नियमाचं पुस्तक काढते.

श्रमदानाचे तास दरवर्षी ठरलेले असतात, कॉलनीचे रस्ते साफ करायचे, सामाईक कुंपण दुरुस्त करायचं वगैरे. गेला नाहीत तर तासाप्रमाणे पैसे भरावे लागतात, पण माझं मत विचाराल तर जाच. जर्मन शेजाऱ्यांशी ओळख तिथेच होते, कॉफी आणि केक असतो, आणि तुमच्या बागेत मशीन कधी चालवायचं, रोपं कुठून आणायची हे फुकटात कळतं.

दुपारची शांततेची वेळ असते, अनेक ठिकाणी १ ते ३, आणि रविवारी पूर्ण दिवस मशीन बंद. गणपतीत चाळीस माणसं आणि ढोल आणायचा बेत असेल तर आधी कमिटीला सांगा, शेजारच्या चार बागांना मोदक द्या, मग बघा. कुंपणाची झुडपं १ मार्च ते ३० सप्टेंबर जोरात छाटायला निसर्ग संरक्षण कायद्याने बंदी आहे, पक्षी घरटी करतात, हलकं टोक कापणं चालतं.

पत्र आलं तर आणि सोडायची वेळ आली तर

वर्षातून एकदोनदा कमिटी फिरून बघते. काही चुकलं असेल तर आधी तोंडी, मग लेखी ताकीद येते, तिला आबमानुंग म्हणतात. ती ड्रॉवरमधे ठेवून देऊ नका. ताकीद देऊनही घरात राहणं, दुसऱ्याला देणं, बाग ओसाड टाकणं किंवा श्रमदानाचे पैसे न भरणं चालू राहिलं तर ३० नोव्हेंबरची मुदत धरून करार संपवता येतो आणि अशा वेळी कलम ११ ची भरपाई नसते. भाडं एका तिमाहीचं थकलं आणि लेखी मागणीनंतर दोन महिन्यांत भरलं नाही तर मुदतीशिवायच संपतो. फोटो काढा, दुरुस्त करा, उत्तर लेखी द्या.

स्वतःहून सोडताना भारतात परत जायचं ठरल्याबरोबर कळवा, विमानाच्या आदल्या आठवड्यात नाही, कारण करारात नोटिशीची मुदत असते, मग पुन्हा मूल्यांकन, मग नवा माणूस. शहरात लगेच मिळतो. पण जिथे प्लॉट रिकामे आहेत तिथे नवा माणूस मिळाला नाही तर घर पाडून जमीन मोकळी करून द्यायची जबाबदारी तुमच्यावर येऊ शकते, म्हणून खेड्यात १००० युरोला दिसणारं मोडकं घर घेताना हाही हिशेब करा. आणि चावी देताना पाण्याच्या आणि विजेच्या मीटरचं रीडिंग लिहून नव्या माणसाची सही घ्या, एक प्रत कमिटीला, एक तुमच्याकडे.