दोन औषधं सोबत चालू असतील तर नुसता गॅप ठेवून भागत नाही

दोन गोळ्यांमध्ये थोडा गॅप ठेवला की झालं असं बरेच जण धरून चालतात, पण ते प्रत्येक वेळी खरं नसतं. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम किंवा लोहाची गोळी यांच्यात ४ तासांचं अंतर ठेवलं तर फायदा होतो, कारण तिथे अडचण पोटात शोषलं जाताना येते. लिव्हरचं तसं नाही. तिथे सीवायपी नावाची एन्झाइम्स औषधं मोडून बाहेर काढायच्या लायकीची करतात, त्यातलं ३ए४ तर ढीगभर औषधांचं काम बघतं, आणि एका औषधाने ते अडवलं की दुसरं रक्तात साठत जातं, मग एक सकाळी आणि दुसरं रात्री घेतलं तरी फरक पडत नाही.

उदाहरणार्थ कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन चालू आहे आणि इन्फेक्शनसाठी क्लॅरिथ्रोमायसिन दिलं, तर सिम्वास्टॅटिनचं प्रमाण कित्येक पटींनी वाढू शकतं, अंग विनाकारण दुखायला लागतं, लघवी चहासारखी गडद होते, म्हणजे स्नायू तुटतायत आणि किडनीवर ताण येतोय. असं झालं तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टर गाठा. खरं तर आधीच सांगितलं असतं तर ते तेवढे दिवस सिम्वास्टॅटिन बंद ठेवतात किंवा दुसरं अँटिबायोटिक देतात. ग्रेपफ्रूटचा ज्यूससुद्धा आतड्यातलं हेच एन्झाइम बंद पाडतो आणि परिणाम दुसऱ्या दिवशीही राहतो.

उलटंही होतं. टीबीचं औषध रिफॅम्पिसिन ही एन्झाइम्स वाढवतं, दुसरी औषधं लवकर मोडली जातात, मग गर्भनिरोधक गोळ्या भरवशाच्या राहत नाहीत, रक्त पातळ करणारं वॉरफरिन कमी पडतं. हे हळूहळू होतं, आठवडा-दोन आठवडे लागतात, आणि औषध थांबल्यावर ओसरायलाही साधारण तेवढेच. इथेच लोक फसतात! वॉरफरिनचा डोस वाढवलेला असतो, रिफॅम्पिसिन संपतं, आता तोच डोस जास्त होतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. म्हणून नवीन औषध सुरू होताना जेवढं विचारता तेवढंच जुनं बंद होतानाही विचारा, आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारी रक्ततपासणी) कधी तपासायचा तेही. सिगारेट सोडली तरी हे लागू आहे, धुरामुळे दम्याचं थिओफिलिन आणि मानसिक आजाराचं क्लोझापिन लवकर मोडतात, सोडल्यावर त्यांची पातळी वर जाते. सिगारेट जरूर सोडा, फक्त डॉक्टरांना सांगून, म्हणजे डोस बदलता येईल.

काही औषधं लिव्हरमध्ये गेल्यावरच कामाची होतात, जसं रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून देतात ते क्लोपिडोग्रेल. त्याच्यासोबत ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल घेतलं तर क्लोपिडोग्रेलचा असर कमी होतो, ओमेप्राझोलऐवजी पॅन्टोप्राझोल चालेल का ते विचारून घ्या.

करायचं एवढंच, सगळ्या औषधांची यादी डोससकट फोनमध्ये ठेवा, त्यात सप्लिमेंट आणि हर्बल गोळ्याही लिहा (उदासीवर घेतात ती सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती रिफॅम्पिसिनसारखीच वागते), आणि प्रत्येक नव्या प्रिस्क्रिप्शनला ती फार्मासिस्टसमोर धरा. मनाने मात्र काहीही बंद करू नका.