पिळणं, चेपणं, चिरडणं, आटणं : इंग्लिशमधे कुठला शब्द कुठे टाकायचा

माझा पुतण्या कळंगुटला एका हॉटेलात फ्रंट डेस्कवर आहे. गेल्या पावसाळ्यात ऑफ सीझनला त्याने नेहमीच्या एका गेस्टला मेसेज टाकला, रूम होती २५०० ची, त्यातले ५०० कमी करायचे होते, आणि या पठ्ठ्याने लिहिलं "रेट रिड्यूस्ड टू ५००". झालं! गेस्ट मोबाइल पुढे करून काउंटरवर उभा, मॅनेजर लालबुंद, आणि मधला फरक गेला याच्या पगारातून. रविवारी घरी आला तो तोंड पाडूनच, म्हणाला काका मला हे कमी करायचे, दाबायचे सगळे शब्द एकदा नीट सांगा. त्याला जे सांगितलं तेच इथे टाइप करतोय.

पहिला तो टू आणि बायचा घोळ. मराठीत मनातल्या मनात वाक्य बोला. "५०० ने कमी केला" असं येत असेल तर बाय, "५०० वर आणला" असं येत असेल तर टू. 'ने' ला बाय, 'वर' ला टू, बास.

आता बाकीचे शब्द. डिक्शनरी उघडली की स्क्वीझ, प्रेस, क्रश, स्क्वॉश, कंप्रेस सगळ्यांसमोर "दाबणे" लिहिलेलं असतं आणि तिथेच आपण फसतो. जोर किती लावला ते बघूच नका, नंतर वस्तूचं काय झालं ते बघा. रस निघाला का, भुगा झाला का, चपटी झाली का, की तशीच राहिली पण जागा कमी खाते?

काजूच्या सीझनला गोव्याच्या सत्तरी तालुक्यात कोणाच्या बागायतीत गेला असाल तर हे सगळं एका जागी दिसतं. बोंडू, म्हणजे काजूचं फळ, पायाखाली तुडवतात, तिथे वस्तू मोडली, परत बोंडू होणार नाही, म्हणून क्रश. मग त्या चोथ्याचा ढीग करून वर जड दगड ठेवतात, वजन वरून सतत पडतंय, ते प्रेस. त्यातून थेंब थेंब निरो, म्हणजे ताजा गोड रस, गळतो (एप्रिलच्या उन्हात थंडगार निरो प्यायला नसाल तर काय सांगायचं तुम्हाला). पुढे रस आंबवून भट्टीवर चढवला की वाफ होते, ती थंड होऊन परत थेंब होते, त्याला कंडेन्स. पहिल्या धारेचा हुर्राक, परत गाळली की फेणी. या काजू फेणीला २००९ मधे जीआय टॅग (ही वस्तू त्याच भागाची, अशी सरकारी नोंद) मिळाला, तेव्हा गेस्टने विचारलं तर तेही सांगता येतं, टिप बरी मिळते.

कंडेन्सचा दुसरा अर्थ किचनमधला, पातळ होतं ते घट्ट झालं. कंडेन्स्ड मिल्कचा डबा सगळ्यांनी बघितलाय. पण शेफ कढईतला रस्सा उकळून आटवतो तेव्हा मात्र तो रिड्यूस म्हणतो, "रिड्यूस इट बाय हाफ", म्हणजे निम्मा आटव. आटवणे या आपल्या एका शब्दाला तिकडे दोन झाले.

पिळण्याचं तर अजून गमतीचं. लिंबू पिळतो ते स्क्वीझ, सोलकढीसाठी वाटलेलं खोबरं फडक्यात धरून मुठीने दाबतो तेही स्क्वीझ. मूठ सगळीकडून आवळते आणि आतलं बाहेर येतं. (बाहेर काही आलंच पाहिजे असंही नाही, कोणी मायेने हात दाबला तर तेही स्क्वीझच.) पण जुलैत अंगणातून ओले कपडे काढून पीळ घालतो ना, तिथे रिंग, अंगठीसारखाच उच्चार पण स्पेलिंग डब्ल्यूपासून सुरू आणि तो डब्ल्यू मुका. भूतकाळ होतो "रंग", शिगम्यातला नव्हे. खूण सोपी, पीळ पडला तर रिंग, नुसती मूठ आवळली तर स्क्वीझ.

क्रश आणि स्क्वॉशमधे पुतण्या सारखा अडकत होता. मी त्याला सकाळचंच दाखवलं. वहिनीने पोदेराकडचे (पाववाल्याकडचे) पाव पिशवीत खाली टाकले आणि वर दोन नारळ, घरी येईपर्यंत पाव चपटे, चपातीच झाली त्यांची. हे स्क्वॉश. मऊ वस्तू, आकार गेला, पण तुकडे नाही झाले. तोच नारळ बिस्किटाच्या पुड्यावर पडला असता तर क्रश. लसूण ठेचली, बर्फ फोडून बारीक केला, सगळं क्रश. उसाचं आपण "गाळप" म्हणतो, इंग्लिश पेपर त्यालाच क्रशिंग म्हणतो. आपलं लक्ष रसावर, त्यांचं चिरडण्यावर! आणि कागद चुरगळला, इस्त्रीचा शर्ट बॅगेत चुरगळला तर यातलं काहीच नाही, क्रंपल म्हणायचं.

पाय चेपून देतो याला "प्रेस युवर लेग्ज" म्हणू नका प्लीज, गेस्ट दचकतो. मसाज म्हणा, सगळ्यांना कळतं.

कंप्रेस म्हणजे वस्तू शाबूत, फक्त जागा कमी. आपल्याला हा लागतो तो ऑनलाइन फॉर्म भरताना, फोटो ५० केबीच्या आत पाहिजे म्हणतात आणि मोबाइलचा फोटो ३ एमबीचा. इथे रिसाइझ वेगळं आणि कंप्रेस वेगळं. रिसाइझमधे लांबीरुंदीचे पिक्सेल कमी होतात, कंप्रेसमधे लांबीरुंदी तीच ठेवून फाइल हलकी होते. झिप फाइल उघडली की आतलं जसंच्या तसं मिळतं, पण जेपीजी फोटो दाबला की थोडं कायमचं जातं, म्हणून ओरिजिनल डिलीट करू नका, मी केलाय एकदा.

श्रिंकमधे कोणी दाबतच नाही, वस्तू आपली आपण आक्रसते. कॉटनचा कुर्ता गरम पाण्यात टाकला आणि आटला, "इट श्रँक". श्रिंक्ड असं काही नसतं, श्रिंक, श्रँक, श्रंक. मुद्दाम लहान करून घ्यायचा असेल तर टेलरला श्रिंक करा म्हणायचं नाही, कंबर बारीक करायची तर "टेक इट इन", लांबी कमी करायची तर "टेक इट अप" किंवा नुसतं शॉर्टन.

म्हापसा पणजी बसमधे कंडक्टर "फुडें वच रे" (पुढे जा रे) करत माणसं कोंबतो ते क्रॅम. त्या गर्दीतून आपण कशीबशी वाट काढत दारापर्यंत जातो ते मात्र "स्क्वीझ थ्रू". मजकूर छोटा करायचा असेल तर शॉर्टन पुरे, जाडजूड पुस्तक छोटं केलं तर अब्रिज.

आणि शेवटी परत रेटवरच येतो. रेट आपसूक उतरले तर ड्रॉप, आपण उतरवले तर रिड्यूस. पुतण्याचा या जूनचा मेसेज असा होता, "वी हॅव रिड्यूस्ड द रेट बाय ५००, यू पे २०००". टाकायच्या आधी मला दोनदा दाखवून गेला.